छापल्यासारखं अक्षर

माझ्या दाजींचं अक्षर इतकं सुंदर, की त्यात लिहिलंय काय हे बघायची कुणाला गरजच वाटत नसे. सगळ्यात कमी गरज खुद्द दाजींना वाटायची. हे मी रागाने लिहितेय असं कुणाला वाटेल. रागाने लिहितेच आहे, पण ते खरंही आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत त्यांनी सत्तावीस वर्षं दाखले लिहिले. कचेरीतली माणसं त्यांना बोरूबहाद्दर म्हणायची, आणि ते निव्वळ कौतुक आहे असा त्यांचा शेवटपर्यंत समज होता. खिडकीपलीकडे तान्हं बाळ घेऊन आलेली बाई असो, नाहीतर डोळे पुसत उभा असलेला मुलगा असो, दाजी दाखला लिहायचे, टीपकागदाने टिपायचे, हातभर लांब धरून एकदा न्याहाळायचे आणि मग खिडकीतून बाहेर सरकवायचे. बाहेरून ठरलेलं वाक्य यायचं, "काय अक्षर आहे हो! अगदी छापल्यासारखं!" दाजी मान झुकवून ते स्वीकारायचे.

ज्या मास्तरांनी लहानपणी दाजींचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली, त्या मास्तरांच्या मृत्यूचा दाखला दाजींनी एका सकाळी लिहिला. त्याच संध्याकाळी बाजारात मास्तरांचा मुलगा भेटला, तर त्याला म्हणाले, "काय रे, मास्तरांची तब्येत कशी आहे आता?" मुलाच्या खिशात दाखल्याच्या चार प्रती होत्या. त्याने एक काढून दाखवली. दाजींनी ती बघितली आणि म्हणाले, "हो, हा माझाच हात." मग अर्ध्या मिनिटाने त्यांचा चेहरा पांढरा पडला.

निवृत्त झाले तेव्हा तर कमालच झाली. तोवर कचेरीत संगणक येऊन दाखले छापूनच निघायला लागले होते आणि दाजी कोपऱ्यातल्या टेबलावर आवक-जावक बघत होते. पण निरोपाच्या समारंभात मानपत्र द्यायचं ठरलं, आणि मानपत्र हातानेच लिहिलेलं शोभतं असं साहेबांचं मत पडलं. मग लिहिणार कोण? साहेबांनी मजकुराचा कागद दाजींच्याच हातात दिला. दाजींनी तीन दिवस खपून ते लिहिलं. समारंभात ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन ताईला म्हणाले, "अगं, काय काय लिहिलंय त्यांनी माझ्याबद्दल! मला कल्पनाच नव्हती."

रस्त्याने त्यांच्याबरोबर चालणं ही एक शिक्षाच. दर दहा पावलांवर थांबणार. "ही पाटी डावखुऱ्या रंगाऱ्याने लिहिलीय." "या औषधवाल्याने पाटी तीनदा रंगवली, पण पहिल्या वेळची वेलांटी काय होती! आता गेली." तीस-पस्तीस वर्षांपूर्वी उतरवलेल्या पाट्यांची वळणं त्यांना तोंडपाठ. त्या दुकानात मिळतं काय, हे मात्र ताईला विचारायचे.

मी टायपिंगचा क्लास चालवते. आता टायपिंग शिकायला कोण येतंय म्हणा, त्यामुळे छपाई, झेरॉक्स, लॅमिनेशन असं सगळं करते. दाजींची आणि माझी जुनी जुगलबंदी. ते म्हणायचे, "मेव्हणीबाई, तुमच्या यंत्राने लिहिलेल्या पत्रात लिहिणारा माणूस कुठे दिसतो?" मी म्हणायची, "तुमच्या दाखल्यात तरी कुठे दिसतो, दाजी?" यावर ते खुशाल हसायचे. टोमणा लागायला तो आधी ऐकावा लागतो.

तर या माझ्या क्लासवर एक दिवस एक मुलगी आली. एका मालिकेच्या कला विभागात काम करत होती. मालिका एका काल्पनिक बेटावरची, तिथली माणसं काल्पनिक, आणि त्यांची लिपीसुद्धा काल्पनिक. तिच्याकडे लिपीचा तक्ता होता, तो तिला लॅमिनेट करून हवा होता. चौतीस अक्षरं. सगळी सरळ रेघांची: त्रिकोण, फुल्या, शिड्या, पडलेल्या खुर्च्या. प्रत्येक अक्षराखाली त्याचा उच्चार आपल्या अक्षरांत दिलेला, म्हणजे त्या लिपीत आपलीही भाषा लिहिता यावी. कुठल्याशा तज्ज्ञाने ती किल्ल्याच्या दगडांवर कोरण्यासाठी बनवली होती.

"दगडाचं छान झालं हो," ती मुलगी म्हणाली. "पण सातव्या भागात एका खलाशाची बायको नवऱ्याला पत्र लिहिते. कॅमेरा अगदी जवळून पत्रावर जातो. आता पत्र काय छिन्नीने लिहिणार ती? हाताने लिहायची लिपी पाहिजे. तज्ज्ञ म्हणतात, हे आमच्या कामात येत नाही."

मी तिला दाजींचा पत्ता दिला. कशाला दिला, असं नंतर मी स्वतःला बरेचदा विचारलं. खरं सांगायचं तर निवृत्तीनंतरची चार वर्षं दाजी घरात नुसते फिरत होते आणि ताईच्या पायात पायात येत होते. ताई घरी शिवणकाम करते. दाजी तिच्या गिऱ्हाइकांची बिलं सुंदर अक्षरात लिहून देऊ म्हणाले, तेव्हा ती म्हणाली होती, "नको, बायका बिल फ्रेम करतील आणि पैसे द्यायचे विसरतील."

मुलगी घरी गेली. दाजींनी तक्ता हातभर लांब धरला, मग जवळ आणला, आणि विचारलं, "हे लोक लिहितात कशाने?"

"म्हणजे?"

"टाक, कुंचला, काडी? शाई किती वेळात वाळते? डावीकडून उजवीकडे लिहितात की उलट? उलट लिहीत असतील तर हात ओल्या शाईवर घासणार. मग हात उचलून धरणार. हात उचलला की ओळ वर चढते."

"काका, ते लोक नाहीचेत."

"नसेनात का," दाजी म्हणाले, "लिहायला बसल्यावर हात तर दुखेलच ना त्यांचा?"

त्या दिवसापासून दाजी माणसात आले. जेवणाच्या टेबलावर वह्या पसरल्या. तीन रेघांचा त्रिकोण हात न उचलता काढायचा तर त्याचं काय होतं? पाचशे वेळा भरभर काढला की त्याचे कोपरे झिजतात आणि त्याला गोल पोट सुटतं. फुलीची गाठ होते. शिडीच्या पायऱ्या कमी होत होत एक वळसा उरतो. मधेच कळलं, की झिजून झिजून तीन वेगळी अक्षरं एकसारखी दिसायला लागलीत, तर दाजींनी एकाला खाली शेपटी दिली आणि एकाच्या डोक्यावर आडवी काडी. "चारशे वर्षांत लोकांनी हेच केलं असतं," ते म्हणाले. ती चारशे वर्षं त्यांनी सव्वा महिन्यात उरकली. मला खोटं बोलायचं नाही, काम अप्रतिम होतं. माझ्यासारख्या यंत्रवालीलाही ते बघत राहावंसं वाटलं.

मग दाजींनी पत्राचं एक पान लिहून दिलं. चार दिवसांनी मुलगी ते परत घेऊन आली. तिला वाईट वाटत होतं, कारण तोवर तिला ताईच्या हातच्या चहाची सवय लागली होती.

"काका, अक्षरं पास झाली. सगळी. पण दिग्दर्शक म्हणतात, हे पान..." ती थांबली. "म्हणतात, हे अगदी छापल्यासारखं वाटतं."

दाजींनी सवयीने मान झुकवली. मग त्यांच्या लक्षात आलं.

"संगणकावर केलं असतं तर असंच आलं असतं म्हणतात. त्यांना माणसाचं अक्षर पाहिजे. एका बाईचं. तिला घाई आहे, तिचं मन भरून आलंय, असं. पुढच्या शुक्रवारी शूटिंग आहे."

आयुष्यभर ज्या शब्दावर पोट भरलं, तोच शब्द दाजींच्या तोंडावर मारला गेला होता. मला हसू आलं. मग त्यांच्याकडे बघून हसू गेलं. संगणक आला तेव्हा कचेरीत कुणी तरी त्यांचं टेबल हलवलं होतं. आता त्यांच्या हातातूनच काही तरी काढून घेतल्यासारखे ते बसले होते.

मग त्यांनी वाईट लिहायचा सराव सुरू केला. डाव्या हाताने लिहिलं. मांडीवर कागद ठेवून लिहिलं. बसमध्ये बसून लिहिलं, तुटक्या टाकाने लिहिलं, दोन मजले पळत चढून येऊन धापा टाकत लिहिलं. मला आणून दाखवलं. एक चूक तिसऱ्या ओळीत होती, तीच सहाव्या, तीच नवव्या. खोडलेलं अक्षर जिथे जिथे होतं तिथे तिथे एकाच कोनात खोडलेलं. माणसाने चूकसुद्धा गिरवून गिरवून घोटली होती.

"दाजी," मी म्हटलं, "तुमच्या घरात एक बाई राहते. तिला हात आहेत. तिला सांगा ना लिहायला."

"हिला?" दाजी खरोखर चकित झाले. "अगं, हिला लिहायची मुळीच आवड नाही. तुला माहीतच आहे."

मला माहीत होतं. मला त्यांच्यापेक्षा जरा जास्तच माहीत होतं.

छत्तीस वर्षांपूर्वी ताईचं लग्न ठरलं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि मी अठराची. ठरणं आणि होणं यात तीन महिने होते. ताईने दाजींना एक पत्र लिहिलं. आमच्या दोघींच्या खोलीत, उशीवर पाटी ठेवून, चार कागद फाडून पाचव्यावर. मी शेजारी बसून तिला चिडवत होते, त्यामुळे ते पत्र मला अजून शब्द न् शब्द आठवतं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पाकिटावरचं अक्षर बघून आईने शेजाऱ्यांना बोलावलं. ताईने पाकीट फोडलं, तर आत तिचंच पत्र. बिघडलेल्या वळणांभोवती लाल शाईने गोल काढलेले. एकोणीस गोल. आणि तळाशी, त्या छापल्यासारख्या अक्षरात: "दहापैकी साडेचार. सराव हवा. रोज दोन पानं."

बाबा म्हणाले, माणूस शिस्तीचा दिसतो. लग्न झालं. ताईने त्यानंतर दाजींच्या देखत कागदावर काही लिहिलं नाही. वाण्याला यादी तोंडी सांगायची. कॅलेंडरवर नुसत्या खुणा करायची. मुलाच्या शाळेच्या वह्यांवर नाव घालायचं काम दाजींचं. शिवणाच्या मापांची वही ती मशीनच्या खणात ठेवते, आणि छत्तीस वर्षांत दाजींनी तो खण कधी उघडलेला नाही. मी उघडलाय. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या आणि समोर गिऱ्हाईक बडबडतंय, अशा वेळी लिहिलेलं अक्षर आहे ते. पळतं, दमतं, परत पळतं. कोंबडीचे पाय म्हणतात तसंच, पण ती कोंबडी कुठे निघालीय हे तिला पक्कं माहीत आहे.

दाजींना यातलं काही, म्हणजे काहीच आठवत नव्हतं. होणाऱ्या बायकोचं अक्षर तपासून दिलं, यात आठवण्यासारखं काय आहे?

शेवटी सोमवारी, शूटिंगला चार दिवस उरले तेव्हा, त्यांनी ताईला विचारलं. मी तिथेच होते.

"मला नाही जमायचं," ताई शिवता शिवता म्हणाली. "माझं अक्षर चांगलं नाही."

"तेच तर पाहिजे!" दाजी आनंदाने म्हणाले.

मशीन थांबलं. मला वाटलं, आता कात्री फेकून मारते. तिने दोरा तोडला आणि विचारलं, "लिहायचं काय?"

"काहीही लिही गं. ते कोण वाचतंय?"

"कुणीच नाही?"

"ती लिपी येतेच कुणाला? तज्ज्ञालासुद्धा तक्ता बघावा लागतो."

ताईने हातातलं कापड घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "शिकवा. पण लिहिताना तुम्ही शेजारी बसायचं नाही."

दोन दिवस दाजींनी तिला चौतीस अक्षरं शिकवली. ती भराभर शिकली, कारण ती अक्षर बघायची कमी आणि हात चालवायची जास्त. दाजींनी दोनदा लाल पेन्सिल उचलली आणि दोन्ही वेळा मी ती काढून घेतली. बुधवारी त्यांना भाजी आणायला पाठवून ताई टेबलाशी बसली. दाजी परत आले तेव्हा पान वाळत पडलं होतं.

दाजींनी पिशवी खाली ठेवली, पान उचललं, हातभर लांब धरलं. आणि त्यांचा चेहरा उजळला! "अगं, हे बघ, इथे हात अडखळलाय. इथे शाई संपत आलीय तरी थांबली नाही ही, तशीच पुढे गेली. ही शेपटी बघ, प्रत्येक वेळी वेगळी. आणि इथे, शेवटी, कशी घाईत... वा! मेव्हणीबाई, बघितलंत? हे आहे माणसाचं अक्षर!"

ताई त्यांच्याकडे बघत उभी होती. ते पान खालीवर करत होते, उजेडात धरत होते. वाचत नव्हते.

"जमलं का?" तिने विचारलं.

"जमलं का काय विचारतेस! दहापैकी दहा!"

ताई आत गेली आणि तिने भाजी निवडायला घेतली.

पान माझ्याकडे झेरॉक्सला आलं. तक्त्याची एक प्रत माझ्याकडे होती. दुपारभर दुकान अर्धं बंद ठेवून मी एकेक अक्षर लावत बसले. दुसऱ्या ओळीपर्यंत पोचले आणि मला पुढचं तक्त्याशिवाय येत होतं. तेच पत्र होतं ते. उशीवर पाटी ठेवून लिहिलेलं, शब्द न् शब्द तेच.

मी तशीच उठून ताईकडे गेले. दाजी मुलीला निरोप द्यायला फोन शोधत बाहेरच्या खोलीत होते. मी म्हटलं, "मी सांगते त्यांना. आत्ता सांगते. माणूस आहे की टीपकागद?"

ताईने माझा दंड धरला. "तू सांगितलंस तर ते वाचतील, गं. सांगून वाचलेलं मला नकोय."

"आणि नाहीच वाचलं तर?"

"तर छत्तीस वर्षं नाही वाचलं. त्यात काय नवीन आहे?" हे ती इतक्या सहज म्हणाली, की मला तिचाही राग आला.

शुक्रवारी शूटिंग झालं. मुलीचा फोन आला, पत्र फार गाजलं, नटी ते हातात घेऊन खरंच रडली. तिला काय कळलं देव जाणे. दाजी दोन दिवस शीळ घालत हिंडले. ताई बोलत होती, हसत होती, शिवत होती. फक्त जेवायला वाढताना दर वेळी दाजींच्या चेहऱ्याकडे एकदा बघून घ्यायची. आणि मी त्या दोघांकडे जाणं कमी केलं, कारण माझं तोंड बंद राहत नाही.

तीन आठवड्यांनी मुलगी पुन्हा आली. या वेळी तिच्या हातात एक फॉर्म होता. कंपनीच्या कायदा विभागाला शंका आली होती, की पडद्यावर एवढा मोठा मजकूर दिसतो, त्यात कुणी चावटपणा केला असेल तर? उद्या कुणी तक्ता घेऊन बसलं आणि कोर्टात गेलं तर? म्हणून पत्र ओळीओळीने आपल्या अक्षरांत उतरवून द्यायचं. रकाने तीन: मजकूर, आशय, आक्षेपार्ह काही आहे का.

जगातल्या कुणाही माणसाला जे सुचलं नसतं, ते वकिलांना सुचलं. मी आयुष्यात प्रथमच वकिलांना दुवा दिला.

दाजींनी टेबलावर टीपकागद मांडला, तक्ता उभा केला, पत्राची झेरॉक्स समोर ठेवली. ताई खिडकीशी मशीनवर, त्यांच्याकडे पाठ करून. मी चहाचा कप घेऊन मधे. मला निघायला हवं होतं, पण निघाले नाही.

आपली अक्षरं असती, तर दाजींनी ती नुसती उतरवून काढली असती, दहा मिनिटांत, एक शब्द डोक्यात न शिरू देता. पण ही लिपी तशी डोळ्यांखालून जात नाही. घडवणारे तेच असले तरी. एकेक अक्षर तोंडाने म्हणायचं, मग दुसरं, मग दोन्ही जोडायची, तेव्हा कुठे शब्द होतो. दाजी लहान मुलासारखे मोठ्याने वाचायला लागले.

"आ-प-ण... आपण. ए-क-दा-च... एकदाच. भे-ट-लो." लिहिलं. सुंदर लिहिलं. "ते-व्हा... तेव्हा तु-म्ही... मा-झ्या-क-डे..."

मशीनचा आवाज चालू होता, पण कापड पुढे सरकत नव्हतं.

"...पाहिलंच नाही. समोरच्या दुकानाची... पाटी... वाचत होता." दाजींचा टाक थांबला. त्यांनी ओळ पुन्हा म्हटली. मग लिहायचं सोडून नुसतंच पुढे वाचायला लागले, बोट ठेवून. "म्हणून विचारते. मी तुम्हाला खरोखर पसंत आहे का? की नाही म्हणवलं नाही म्हणून हो म्हणालात? नसेन तर आत्ताच कळवा, मी रागावणार नाही. असेन तर तेही कळवा. कारण मला तुम्ही आवडला आहात."

बोट खाली सरकेना. खाली ताईची सही होती.

"हे..." दाजी म्हणाले. "हे तू मला आधी पाठवलं होतंस?"

"हो." ताईने मान वळवली नाही.

"कधी?"

"लग्नाआधी."

दाजींनी टाक खाली ठेवला. मग अगदी हळू विचारलं, "मी काय उत्तर दिलं?"

"साडेचार," ताई म्हणाली.

मी कप खाली ठेवला, तर बशीचा आवाज केवढा तरी मोठा झाला. दाजी आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मास्तरांचा दाखला खिशातून निघाला होता तेव्हा त्यांचा चेहरा असाच झाला असणार.

त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि लिहायला लागले. त्याच लिपीत. मी समोरून बघत होते आणि माझा विश्वास बसत नव्हता. ओळ वर चढत होती. एक शेपटी लांब, एक आखूड, एक राहूनच गेली. एका ठिकाणी टाक फाटला आणि शाईचा थेंब पडला, तो त्यांनी टिपलासुद्धा नाही. सत्तावीस वर्षं दाखले लिहिलेल्या माणसाचं ते अक्षर कुठल्याही कचेरीने परत पाठवलं असतं.

कागद त्यांनी नेऊन मशीनच्या फळीवर ठेवला आणि शेजारी उभे राहिले. ताईलाही ते एकेक अक्षर लावतच वाचावं लागलं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. ऐकायला नको होतं, हे मला कळतं.

"ती पाटी... मला आठवत नाही."

मी चमकून दाजींकडे बघितलं. या माणसाला गावातली उतरवलेली पाटीन् पाटी आठवते.

"तुझ्या हातात... पाण्याचा पेला होता. तो हलत होता. तुझ्याकडे बघायचं... धैर्य झालं नाही. म्हणून तिकडे बघत राहिलो. पसंत होतीस. तेव्हाच. कळवायचं राहिलं. विलंबाबद्दल... दिलगीर आहे."

मला रडू आलं, आणि या माणसापायी रडू यावं याचा रागही आला. आयुष्यातलं पहिलं प्रेमपत्र, आणि त्यातही शेवटी कचेरी.

ताईने ते दुसऱ्यांदा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. मग तिने मशीनचा खण उघडला. मापांच्या वहीखालून एक पिवळा पडलेला कागद काढून कडेला ठेवला. त्यावरचे लाल गोल फिके झाले होते, पण मोजता येत होते. मग तिने कापडावर खुणा करायचा लाल खडू घेतला. दाजी शाळेतल्यासारखे ताठ झाले. राहून गेलेल्या शेपटीवर तिने एक गोल काढला. थेंबाभोवती एक. ओळ जिथे फार वर चढली होती तिथे एक. जरा विचार केला, आणि तळाशी, त्यांच्या देखत, तिच्या त्या पळत्या अक्षरात लिहिलं: "सराव हवा. रोज दोन पानं."

"आणि मार्क?" दाजींनी विचारलं.

"बघू," ताई म्हणाली.

फॉर्म त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणून दिला, मुलीला पाठवण्यासाठी. मजकुराचा रकाना पूर्ण भरला होता, अगदी छापल्यासारखा. आशयाच्या रकान्यात एकच शब्द होता, "घरगुती". आक्षेपार्ह काही आहे का, याच्यापुढे लिहिलं होतं, "नाही". मला विचारलं असतं तर मी हो लिहिलं असतं.

आता दाजी रोज सकाळी टेबलाशी बसतात. ताई मशीनवर असते. दोन पानं झाली की मशीनच्या फळीवर नेऊन ठेवतात, ती लाल खडू घेते, आणि संध्याकाळी तिचं एक पान त्यांच्या ताटाशेजारी असतं. अक्षर दिवसेंदिवस बिघडत चाललंय, म्हणजे दाजींचं, असं ताई मोठ्या समाधानाने सांगते. काय लिहितात हे मात्र मला कळलेलं नाही. माझ्याकडची तक्त्याची प्रत ताई दुसऱ्याच दिवशी येऊन घेऊन गेली.